एजंट नेमका कुणाचा? पहिल्यांदाच घर घेणाऱ्या-विकणाऱ्यांसाठी

घराचा एजंट म्हणजे कुलूप उघडून घर दाखवणारा माणूस, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. खरं तर घर दाखवणं हे त्याच्या कामातलं सगळ्यात सोपं काम. मी काही वर्षं हा धंदा केला आहे, आणि त्याआधी गिऱ्हाईक म्हणून चटकाही खाल्ला आहे. पहिलं घर बघत होतो तेव्हा पहिल्याच भेटीत मी एजंटला सांगून टाकलं, "फार तर एवढ्यापर्यंत जाऊ शकतो." सौदा बरोबर त्याच आकड्याला झाला. मला वाटलं, काय नशीब! पुढे स्वतः त्या खुर्चीत बसल्यावर उलगडलं, की तो एजंट विकणाऱ्याने नेमलेला होता आणि त्याने आपलं काम चोख केलं होतं. तो कुणाचा माणूस आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

पहिला प्रश्न: तुम्ही कुणाच्या बाजूने?

एजंट तीन तऱ्हेने काम करतो. विकणाऱ्याचा एजंट जास्तीत जास्त किंमत मिळवून देण्यासाठी बांधलेला असतो. घेणाऱ्याचा एजंट योग्य घर कमीत कमी किमतीत आणि कमीत कमी धोक्यात पदरात पाडून देण्यासाठी. तिसरा दोन्ही बाजूंचा. तो बोलतो दोघांशी, दलालीही बऱ्याचदा दोघांकडून घेतो. पण किमतीच्या बाबतीत खऱ्या अर्थाने कुणाचाच वकील होऊ शकत नाही. एकाला आकडा वर न्यायचा असतो, दुसऱ्याला खाली. मधला माणूस मग एकच गोष्ट मनापासून करू शकतो, ती म्हणजे सौदा जुळवणं.

हा पेच जगभर ओळखीचा आहे आणि प्रत्येक देशाने तो आपापल्या परीने सोडवला आहे. सिंगापूरमध्ये एकाच व्यवहारात दोन्ही बाजूंचं काम करायला एजंटला मनाई आहे. ब्रिटनमध्ये एस्टेट एजंट सहसा विकणाऱ्याचा असतो आणि मोबदलाही तोच देतो, त्यामुळे घेणारा सावधच असतो. अमेरिकेत घेणाऱ्याचा वेगळा एजंट असण्याची पद्धत रुळली आहे. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या संघटनेने कोर्टातल्या दाव्यांत तडजोड केल्यावर १७ ऑगस्ट २०२४ पासून तिथे नवा नियम आला: विक्रीला असलेल्या घरांच्या एजंटांनी मिळून चालवलेल्या सामायिक यादीतून काम करणाऱ्या एजंटने खरेदीदाराला घर दाखवण्याआधी त्याच्याशी लेखी करार करायचा, आणि मोबदला किती हे त्यात स्पष्ट लिहायचं. भारतात २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकायला मदत करणाऱ्या एजंटलाही नोंदणी सक्तीची केली. मात्र एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या घरांच्या सौद्यांत या नोंदणीचा आधार मिळेलच असं नाही. तिथे तुमचं तुम्हालाच बघावं लागतं.

तुम्ही कुठेही असा, पहिल्या फोनवर हे विचारा: "या व्यवहारात तुम्ही कुणाच्या वतीने आहात, आणि पैसे कुणाकडून घेणार?" सरळ उत्तर देणारे बरेच भेटतील. "अहो, आपण सगळे एकच" असं कुणी म्हणालं, तर तो दोन्ही बाजूंचा आहे असं धरून चाला आणि त्याच्यासमोर तोंड जपून उघडा.

दलालीचं गणित

बहुतेक ठिकाणी एजंटला विक्रीच्या किमतीचा ठरावीक टक्का मिळतो, तोही सौदा झाला तरच. चार महिने फेऱ्या मारून सौदा मोडला तर हाती भोपळा. त्याचं वागणं समजून घ्यायचं असेल, तर एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच कळतं.

समजा घराची किंमत १०० आहे आणि दलाली २ टक्के. आज ९७ देणारं गिऱ्हाईक दारात उभं आहे. आणखी थोडं थांबलं तर १०० मिळू शकतात. थांबल्याने मालकाला जवळजवळ ३ जास्त मिळतात. एजंटच्या वाट्याला येतात ०.०६. आणि त्या थांबण्याच्या काळातले फोन, फेऱ्या, जाहिरात सगळं त्याच्या पदरचं. साहजिकच तो म्हणतो, "साहेब, पार्टी चांगली आहे, सोडू नका." यात लबाडी असेलच असं नाही, गणितच त्याला तसं बोलायला लावतं. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे १ लाख घरविक्री तपासून २००८ साली हेच दाखवलं. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते तशाच इतर घरांपेक्षा साधारण ३.७ टक्के जास्त किमतीला जातं, आणि बाजारात सुमारे साडेनऊ दिवस जास्त राहतं. स्वतःच्या घराला ते थांबतात. तुमच्या घराला थांबायचं तुम्हाला त्यांना सांगावं लागतं.

यावर एक उपाय मला आवडतो. ठरलेल्या किमतीपर्यंत नेहमीचा टक्का, आणि त्यावर जे मिळेल त्या वाढीव रकमेवर बराच मोठा टक्का. मग थांबणं एजंटलाही परवडतं. सगळे कबूल होत नाहीत, पण विचारायला पैसे पडत नाहीत. दलाली बहुतेक ठिकाणी बोलून ठरते, हे लोक विसरतात.

काहीही ठरवा, ते कागदावर घ्या: टक्का किती, त्यावर कर वेगळा की त्यातच, करार झाल्यावर द्यायची की ताबा मिळाल्यावर, सौदा मोडला तर काय, जाहिरातीचा खर्च कुणाचा.

विकत असाल तर

किमान तीन एजंटांना घर दाखवा आणि प्रत्येकाकडून किंमत लेखी मागा. इथे एक जुना सापळा आहे. काम मिळावं म्हणून एखादा एजंट मुद्दाम फुगवलेला आकडा सांगतो. मालक खूश होतो, काम त्यालाच देतो. तीन आठवड्यांनी एजंट पडेल चेहऱ्याने येतो, "बाजार थंड आहे हो, थोडं खाली यावं लागेल." तोवर घर शिळं झालेलं असतं. नवीन आलेल्या घराकडे सगळ्यात जास्त डोळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वळतात, कारण त्या भागात आधीपासून शोधणारे सगळे ते एकदमच बघतात. तो काळ फुगवलेल्या किमतीत गेला की पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मनात एकच शंका येते: इतके दिवस विकलं का गेलं नाही?

म्हणून "किती येतील?" विचारल्यावर लगेच "कशावरून?" हेही विचारा. चांगला एजंट गेल्या काही महिन्यांत आसपास खरोखर विकल्या गेलेल्या घरांचे आकडे पुढे ठेवतो. विकल्या गेलेल्या, बरं का. जाहिरातीत कुणी काय मागतंय याला फारसा अर्थ नाही, मागायला काय जातं? मग तो तुलना करतो: ते घर वरच्या मजल्यावर होतं, तुमचं तळाला, त्याला गाडी लावायची जागा होती, तुमच्याला नाही, त्यांचं स्वयंपाकघर नवं होतं. प्रत्येक फरकापोटी थोडं वजा, थोडं अधिक. क्षेत्रफळाची तुलना करताना दोन्हीकडे एकाच मापाने मोजलंय ना, हेही बघा. भिंती धरून मोजलेली जागा आणि प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा यांत बराच फरक पडतो.

एजंट ठरला की करार. एकाच एजंटला ठरावीक काळासाठी पूर्ण हक्क द्यायचा, की चार जणांना मोकळं सोडायचं? मी पहिल्याच्या बाजूने आहे. चौघांकडे दिलेलं घर कुणाचंच नसतं. फोटोवर खर्च करायचा कुणी, आणि सौदा दुसऱ्याने मारला तर? पण मुदत छोटी ठेवा, आणि एजंट हलला नाही तर सोडता येईल असं कलम घाला. आणखी एक कलम वाचल्याशिवाय सही करू नका: मुदत संपल्यावरही, त्याने आणलेल्या गिऱ्हाइकाला घर विकलं तर दलाली द्यावी लागेल, असं ते असतं. ते रास्तच आहे. फक्त किती महिने आणि कोणती गिऱ्हाइकं, हे नावानिशी लिहून घ्या. नाहीतर नवा आणि जुना असे दोन एजंट दारात उभे राहतात.

घर तयार करण्यात एजंटचा डोळा कामी येतो. तुम्हाला गळका नळ दिसत नाही, कारण तुम्ही त्याच्यासोबत दहा वर्षं राहिलात. खर्च कशावर करावा आणि कशावर नाही, हे तो सांगतो. ओल काढा, दिवे बदला, निम्मं सामान हलवा, रंग पांढऱ्याच्या जवळचा द्या. नवं स्वयंपाकघर मात्र विकण्यासाठी करू नका. येणारा माणूस ते त्याच्या मनासारखं पुन्हा तोडणारच. फोटो दिवसाउजेडी काढा. आणि कागदपत्रांची फाइल जाहिरातीआधी तयार ठेवा: मालकीचे कागद, कर भरल्याच्या पावत्या, कर्ज असेल तर बाकी किती याचं पत्र, इमारतीचं व्यवस्थापन बघणाऱ्या संस्थेचं थकबाकी नसल्याचं पत्र. गिऱ्हाईक तयार आणि कागद सापडत नाही, म्हणून गेलेले सौदे मी मोजायचं सोडून दिलं.

एजंट गिऱ्हाइकं आणतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाळतो. रविवारी सहज घरं बघत फिरणारे, कर्ज मिळणारच नाही असे, शेजारचे उत्सुक लोक: यांना फोनवरच ओळखणं ही कला आहे. तुमचं घर दाखवताना तुम्ही बाहेर जा. मालक सोबत फिरला की येणारे गप्प बसतात, आणि मनातली शंका बोलली गेली नाही की ती दूरही होत नाही.

मग देकार, म्हणजे घेणाऱ्यांच्या ऑफर, येतात. आकड्यावर भाळू नका. सर्वांत जास्त किंमत सांगणाऱ्याला आधी स्वतःचं घर विकायचं असेल आणि त्याचं कर्जही अजून मंजूर नसेल, तर त्याच्यापेक्षा थोडी कमी किंमत पण पैसे तयार असलेला माणूस परवडतो. प्रत्येक देकार एजंटने तुम्हाला सांगायलाच हवा, त्याला तो फालतू वाटला तरी. हेही कागदावर घ्या.

घेत असाल तर

आधी बँक, मग एजंट. तुम्हाला किती कर्ज मिळेल याचं प्राथमिक मंजुरीपत्र हातात असलं की दोन गोष्टी होतात. तुम्ही न परवडणाऱ्या घराच्या प्रेमात पडत नाही, आणि एजंट तुम्हाला फिरायला निघालेल्या लोकांत धरत नाही. ते पत्र विकणाऱ्याच्या एजंटला दाखवायचं झालं, तर त्यावरचा आकडा तुम्ही देऊ केलेल्या किमतीएवढाच असेल असं बघा. बँक तसं पत्र देऊ शकते. माझा पहिल्या घराचा धडा तो हाच.

गरज आणि हौस वेगळी लिहा. कामावर पोहोचायला किती वेळ चालेल, खोल्या किती, म्हाताऱ्या माणसांना जिने चढता येतील का, या गरजा. बाल्कनीतून दिसणारं झाड ही हौस. तुमचा स्वतःचा एजंट असेल तर तो यादी ऐकून म्हणतो, "या पैशांत यातल्या दोन गोष्टी सोडाव्या लागतील, कोणत्या ते ठरवा." हे वाक्य न बोलता दहा घरं फिरवणारा तुमचे रविवार खातो.

घर बघायला दोनदा जा: एकदा दिवसा, एकदा रात्री किंवा कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी. एकाच कोपऱ्यावर ताजा रंग दिसला तर तिथे हात लावून बघा. सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा जोर पाहा. खिडक्या उघडा, बंद करा, आणि दोन मिनिटं कुणाशीही न बोलता उभे राहा. आवाज तेव्हाच ऐकू येतात. एजंटला विचारण्यासारखे प्रश्न वेगळे: घर किती दिवस विक्रीला आहे, किंमत कितीदा कमी केली, मालक का विकतोय, आधी सौदा ठरून मोडला होता का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरचा क्षणभर थांबला, तर आणखी दोन प्रश्न विचारा.

देकार देताना तुमचा एजंट तुम्हाला तेच तुलनेचे आकडे दाखवतो जे विकणाऱ्याला त्याचा एजंट दाखवतो. घासाघीस तो करतो याचा मोठा फायदा असा की तुम्ही समोरासमोर नसता. घरावर जीव जडलेला माणूस बैठकीत वाईट खेळतो, त्याचा चेहराच सगळं सांगतो. एजंट मात्र शांतपणे म्हणू शकतो, "माझी पार्टी दुसरंही एक घर बघतेय."

किमतीइतक्याच अटी महत्त्वाच्या. कर्ज मंजूर झालं नाही तर विसार परत मिळेल; तपासणीत मोठा दोष निघाला तर मागे फिरता येईल; मालकी निर्वेध निघाली तरच पुढे. बाजार गरम असला की एजंट यातली एखादी अट सोडायचा सल्ला देतो, म्हणजे तुमचा देकार उठून दिसतो. एखादी सोडणं कधी बरोबरही असतं. मालकीची अट मात्र कधीच सोडू नका.

आणि पैसे. विसाराची रक्कम एजंटच्या खासगी खात्यात जाता कामा नये. ती विकणाऱ्याच्या नावाने, किंवा त्याहून बरं म्हणजे वकिलाकडच्या अथवा तशा तटस्थ खात्यात ठेवा. सिंगापूरमध्ये घरखरेदीचे पैसे एजंटने हाताळण्यावरच बंदी आहे, आणि मला ती पटते. "आजच टोकन द्या, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय" हे वाक्य मी स्वतः धंद्यात वापरलेलं आहे. दर वेळी खरं नव्हतं.

होकारापासून किल्लीपर्यंत

लोकांना वाटतं, किंमत ठरली की संपलं. एजंटची खरी कमाई इथून पुढे असते, कारण सौदे मोडतात ते इथेच. इंग्लंडमध्ये तर करारांची देवाणघेवाण होईपर्यंत दिलेला होकार कुणावरच बंधनकारक नसतो. मधल्या काळात जास्त पैसे देणारा आला तर मालक त्याच्याकडे वळू शकतो, आणि याला तिथे गझम्पिंग असं खास नावही आहे.

नेहमी अडतं ते असं. बँकेचा मूल्यमापक घराची किंमत ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी लावतो, कर्ज तेवढं कमी मिळतं, आणि मधली दरी कुणी भरायची यावर दोन्ही घरं हमरीतुमरीवर येतात. चांगला एजंट मूल्यमापकाला आधीच जवळच्या विक्रींचे आकडे देऊन ठेवतो. तरीही दरी पडली तर ती वाटून घेण्याचा प्रस्ताव मांडतो. किंवा तपासणीत छतात पाणी झिरपताना सापडतं. घेणारा म्हणतो दुरुस्त करून द्या, विकणारा म्हणतो जसं आहे तसं घ्या. इथे माझा सल्ला घेणाऱ्याला नेहमी एकच असे: दुरुस्ती मागू नका, किंमत कमी करून मागा. घर सोडून निघालेला माणूस दुरुस्ती स्वस्तात उरकतो.

बाकी सगळं पाठपुरावा. वकिलाला फोन, बँकेला फोन, संस्थेच्या पत्रासाठी फोन, नोंदणीच्या तारखेसाठी फोन. कंटाळवाणं काम आहे, आणि दलालीचे निम्मे पैसे मी यासाठीच घेत होतो असं आजही मानतो. घर दाखवून सही होताच गायब होणारा एजंट कसा ओळखायचा? नेमण्याआधी त्याच्या आधीच्या दोन गिऱ्हाइकांना विचारा, "किंमत ठरल्यावर तो फोन उचलत होता का?"

एजंटकडून काय मागू नये

कागद बरोबर आहेत का, हे त्याला विचारू नका. मालकीचा शोध, जमिनीवरचा बोजा, वारसांच्या सह्या, हे वकिलाचं काम. आणि वकील तुम्ही निवडलेला हवा, एजंटने सुचवलेला शक्यतो नको. भिंत टिकेल का, हे इंजिनिअरला विचारा. "पाच वर्षांत दुप्पट होईल" असं एजंट म्हणाला तर ते हसून सोडून द्या. त्याला ते माहीत असतं, तर तो घरं विकत घेत बसला असता.

भाडेकरूच घर घेतोय, भावाला विकताय, शेजारी कधीपासून मागे लागलाय, अशा वेळी एजंट लागत नाही. एक मूल्यमापक आणि एक वकील पुरतात. त्यांची फी दलालीपेक्षा बहुधा कमीच असते.

ताब्याच्या दिवशी पैसे पूर्ण देण्याआधी एजंटला सोबत घेऊन रिकामं घर पुन्हा एकदा फिरा. करारात लिहिलेले पंखे, दिवे, कपाटं जागेवर आहेत का, तपासणीनंतर नवी ओल आलीय का ते बघा. मीटरवरच्या आकड्यांचे फोटो काढा. दलालीचा शेवटचा भाग किल्ल्या हातात आल्यावर द्या आणि पावती घ्या. मग संध्याकाळच्या आत मुख्य दाराचं कुलूप बदला. घर दाखवण्यासाठी किल्लीच्या किती प्रती काढल्या आणि त्या कुणाकुणाकडे आहेत, हे एजंटला स्वतःलाही आठवत नसतं.